खोडलेली रेघ जात नाही : विल्यम केंट्रिज यांची कोळशाची चित्रे समजून घेताना

नाशिकमध्ये शाळकरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेताना एक वाक्य मला वर्षानुवर्षे बोलावे लागले आहे : रेघ हलक्या हाताने काढा, म्हणजे खोडल्यावर डाग राहणार नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी हा सल्ला योग्यच आहे, कारण तपासणाऱ्यापुढे मळका कागद गेला की चित्र पाहण्याआधीच त्याचे मत वाईट होते. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांचे काम मी पहिल्यांदा नीट पाहिले, तेव्हा माझा गोंधळच उडाला. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने टांगलेले ते कागद माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या कागदापेक्षा अधिक मळलेले होते. जिथे तिथे खोडल्याचे धुरकट पट्टे दिसत होते, हात आधी एका जागी काढून मग दुसरीकडे नेल्याच्या खुणा दिसत होत्या, आणि त्या लपवण्याचा कोणताही प्रयत्न नव्हता. हे खोडणे म्हणजेच त्यांची भाषा आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला. ही भाषा कशी घडली, ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

केंट्रिज यांचा जन्म 1955 मध्ये जोहान्सबर्ग येथे झाला. लिथुएनियातून आलेल्या ज्यू पूर्वजांचे हे घराणे वकिलांचे होते. वडील सिडनी केंट्रिज हे वर्णभेदी राजवटीविरुद्ध न्यायालयात उभे राहणारे नामांकित वकील होते. नेल्सन मंडेला आरोपी असलेल्या देशद्रोहाच्या खटल्यात ते बचावपक्षाकडून लढले आणि पुढे 1977 मध्ये पोलीस कोठडीत मरण पावलेल्या, कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांच्या मृत्यूच्या चौकशीत बिको कुटुंबाची बाजू त्यांनी मांडली. आई फेलिशिया याही वकील होत्या आणि गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. म्हणजे घर गोऱ्यांच्या सुखवस्तू वस्तीतले, पण जेवणाच्या टेबलावरचा विषय मात्र वस्तीबाहेर चाललेल्या अन्यायाचा.

त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या कृष्णवर्णीय लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात 69 माणसे मारली गेली. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरण्यासाठी जवळ बाळगावा लागणारा परवाना म्हणजे हा पास. या प्रकरणाची कागदपत्रे वडिलांकडे होती. साधारण सहा वर्षांच्या विल्यमला वडिलांच्या खोलीत एक पिवळा चपटा डबा दिसला. चॉकलेटे असतील असे समजून त्याने झाकण उघडले, तर आत गोळ्या लागून पडलेल्या माणसांची छायाचित्रे होती. मोठेपणी केंट्रिज यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे. त्यांच्या चित्रांत माळरानावर पडलेली, वर्तमानपत्रांनी झाकलेली शरीरे वारंवार का येतात, याचा शोध घेणारा या डब्यापाशी येऊन थांबतो.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की हा मुलगा थेट चित्रकलेकडे गेला असेल. तसे झाले नाही, आणि करिअर हा शब्द ऐकताच धास्तावणाऱ्या पालकांना हा भाग मी मुद्दाम सांगतो. केंट्रिज यांनी विटवॉटर्सरँड विद्यापीठातून 1976 मध्ये राज्यशास्त्र आणि आफ्रिकी अभ्यास या विषयांत पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी जोहान्सबर्ग आर्ट फाउंडेशन या संस्थेत चित्रकला आणि छापचित्रे शिकली. तैलरंग मात्र त्यांच्या हाताला कधी जुळले नाहीत. विद्यार्थिदशेपासून एका नाटक कंपनीत ते अभिनय करत, लिहीत आणि दिग्दर्शन करत होते, म्हणून 1981 मध्ये पॅरिसला जाऊन जाक लकॉक यांच्या शाळेत त्यांनी देहबोलीचे रंगभूमी-शिक्षण घेतले. तिथे आपण नट होणार नाही, हे त्यांना कळून चुकले. परत येऊन दूरचित्रवाणी आणि चित्रपटांच्या कलाविभागात त्यांनी काही काळ नोकरी केली. चित्रकार, नट, चित्रपटवाला या तिन्ही ठिकाणी आपण अपयशी ठरलो आणि मग रेखाटनाकडे परतलो, असे ते स्वतःच थट्टेने सांगतात. मला या थट्टेत बरेच तथ्य दिसते. पुढे जे घडले त्यात कोळसा चित्रकाराचा होता, शरीराची जाण नटाची होती आणि कॅमेरा चित्रपटवाल्याचा होता. यातले एकही दार उघडून पाहिले नसते, तर 1989 मधले, कोळशाच्या चित्रांतून चित्रपट करण्याचे ते काम झाले नसते.

ते काम समजण्यासाठी आधी कोळसा समजून घ्यावा लागतो. चित्रकाराचा कोळसा, ज्याला आपण दुकानात चारकोल म्हणून मागतो, तो बारीक काड्या हवा न लागू देता जाळून केलेला असतो. विलो झाडाच्या काड्या त्यासाठी अधिक वापरल्या जातात. पेन्सिलीतले ग्राफाइट कागदावर दाबून बसते आणि चकाकते. कोळशाचे कण मात्र खरखरीत कागदाच्या उंचसखल भागावर नुसते टेकलेले असतात. फुंकर मारली तरी ते उडतात, बोट फिरवले तर पसरतात, आणि फडक्याने पुसले तर बहुतेक निघून जातात. ‘बहुतेक’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. थोडे कण कागदाच्या खळग्यांत अडकून राहतातच, आणि तिथे एक करडी सावली उरते. म्हणून कोळशाने काढलेले चित्र क्षणात बदलता येते, पण त्याचा आधीचा अवतार पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. पाटीवर पेन्सिलीने लिहून ओल्या बोळ्याने पुसणाऱ्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाटी वाळली की कालचा पाढा अंधूक दिसायचाच.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. नेहमीच्या अॅनिमेशनपटात प्रत्येक हालचालीसाठी वेगळे चित्र काढतात. चित्रपटाची फीत सेकंदाला 24 चौकटी या वेगाने धावते, म्हणजे आठ मिनिटांच्या चित्रपटात साडेअकरा हजारांवर चौकटी होतात, आणि एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी साडेपाच हजारांवर चित्रे लागतात. हे काम चित्रकारांच्या ताफ्याचे असते. केंट्रिज यांनी ते एकट्याने करण्याची वेगळी वाट काढली. कार्यशाळेच्या एका भिंतीवर मोठा कागद लावायचा, समोर काही पावलांवर कॅमेरा स्थिर ठेवायचा, चित्र काढून एक-दोन चौकटी टिपायच्या, मग चालत कागदाशी जाऊन त्याच चित्रात थोडे खोडायचे, थोडे नवे काढायचे, पुन्हा चालत कॅमेऱ्याशी यायचे. दिवसभर हेच. एका कागदावर एक संपूर्ण प्रसंग घडतो. माणूस उजवीकडून डावीकडे गेला, तर तो जिथे जिथे होता तिथे तिथे त्याची करडी सावली मागे राहते. त्यामुळे अख्ख्या चित्रपटासाठी हजारोंऐवजी वीस ते चाळीस कागद पुरतात, आणि काम संपल्यावर प्रत्येक कागद हा त्या प्रसंगाचा शेवटचा क्षण असतो, ज्याच्या अंगावर आधीचे सगळे क्षण पुसट दिसतात. या पद्धतीला ते गमतीने अश्मयुगीन चित्रपटनिर्मिती म्हणतात.

नाशिककराला यात एक ओळखीचा माणूस आठवतो. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके हे मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले कलावंत. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा कॅमेऱ्याची करामत दाखवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या कोंबाची वाढ चौकट-चौकट करून दिवसेंदिवस टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. केंट्रिज यांनी हा लघुपट पाहिला असेल, असे मी मुळीच सुचवत नाही; त्यांनी ज्यांना उघडपणे मान दिला ते आरंभीचे चित्रपटकार म्हणजे फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस. पण पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात सहलीला जाणाऱ्या मुलांना मी सांगतो की, कुंडीसमोर धीराने बसलेला माणूस आणि कागदासमोर येरझारा घालणारा माणूस एकाच जातीचे आहेत. फरक एवढाच की फाळक्यांच्या कुंडीतला कोंब आपोआप वाढत होता, तर केंट्रिज यांचा प्रत्येक बदल हाताने होतो आणि पुढचा बदल कोणता, हे कित्येकदा त्यांनाही आधी माहीत नसते.

केंट्रिज आधी पटकथा लिहीत नाहीत, चौकटींचा आराखडाही करत नाहीत. 1989 मध्ये केलेल्या ‘जोहान्सबर्ग, सेकंड ग्रेटेस्ट सिटी आफ्टर पॅरिस’ या, कोळशाच्या चित्रपटमालिकेतल्या पहिल्या चित्रपटापासून दोन पात्रे त्यांच्या सोबत आहेत. एक सोहो एक्स्टाइन, उभ्या रेघांचा कोट घातलेला लठ्ठ खाणमालक, जो जमिनी आणि माणसे विकत घेतो. दुसरा फेलिक्स टाइटलबाउम, पूर्ण विवस्त्र, हळवा, स्वप्नाळू, आणि चेहऱ्याने थेट केंट्रिज यांच्यासारखा. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून सुरू होतात, पण पुढे पुढे सोहोचा चेहराही चित्रकाराच्या चेहऱ्याकडे झुकू लागतो. खलनायक दुसऱ्या कोणाला तरी नेमून मोकळे होता येत नाही, ही कबुली त्यात आहे असे मला वाटते.

1991 च्या ‘माइन’ या चित्रपटातला एक प्रसंग मी मुलांना नेहमी दाखवतो. सोहो अंथरुणात बसून न्याहारी करतो आहे. समोर काचेच्या भांड्यात कॉफी आहे, जिच्यावरचा दट्ट्या खाली दाबला की चोथा तळाशी बसतो. सोहो दट्ट्या दाबतो आणि तो थांबतच नाही. भांड्याचा तळ, ताटली, पलंग फोडून तो जमिनीत उतरत जातो आणि खाणीची उभी विहीर बनतो, जिच्या तळाशी दाटीवाटीने झोपलेले, न्हाणारे, दगड फोडणारे खाणकामगार दिसतात. शब्द एकही नाही. वरच्या माणसाची सकाळची कॉफी आणि खालच्या माणसाचे आयुष्य यांचा संबंध एका रेघेने जोडला जातो. ही कल्पना आधी ठरलेली नव्हती; कार्यशाळेत ते भांडे समोर होते म्हणून ते चित्रात आले आणि दट्ट्या काढता काढता हाताला पुढची वाट दिसली. हात पुढे आणि विचार मागून, असे हे काम आहे.

जोहान्सबर्ग हे शहरसुद्धा या पद्धतीला जणू साजेसे आहे. 1886 मध्ये सोने सापडले म्हणून ते वसले. मोठी नदी नाही, समुद्र नाही. शहराभोवतीच्या सपाट माथ्याच्या टेकड्याही निसर्गाच्या नाहीत, त्या खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांच्या आहेत. उरल्यासुरल्या सोन्यासाठी ती माती पुन्हा गाळली जाऊ लागली, तेव्हा यातल्या कित्येक टेकड्या बघता बघता नाहीशा झाल्या. डोंगर खोडला जातो, ही आपल्यासाठी चमत्कारिक कल्पना वाटेल. पण नाशिकजवळ सारूळच्या बाजूला खडीच्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती तितकीशी परकी वाटू नये.

आता या साऱ्याचा राजकारणाशी संबंध. वर्णभेदाची राजवट 1948 पासून चालली आणि सर्व वंशांच्या लोकांना मतदान करता आलेल्या एप्रिल 1994 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने संपली. ‘फेलिक्स इन एक्झाइल’ हा चित्रपट नेमका त्या निवडणुकीआधीच्या महिन्यांत तयार झाला. त्यात नंदी नावाची एक आफ्रिकी स्त्री जमिनीचे मोजमाप करते आणि तिथे मरून पडलेल्या माणसांची नोंद करते; शरीरांवर वर्तमानपत्रे येऊन पडतात आणि हळूहळू ती शरीरे माळरानात विरून जातात. नवा देश उभारण्याच्या उत्साहात हे मेलेले लोक विसरले जातील का, हा त्यातला प्रश्न आहे. पुढे वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्यशोधन आणि सलोखा आयोगाच्या जाहीर सुनावण्या 1996 मध्ये सुरू झाल्या. गुन्हा पूर्णपणे उघड सांगितला तर शिक्षेतून माफीसाठी अर्ज करता येईल, अशी त्यामागची व्यवस्था होती. त्याच वर्षीच्या ‘हिस्टरी ऑफ द मेन कम्प्लेंट’ मध्ये सोहो रुग्णालयात बेशुद्ध पडला आहे, डॉक्टर त्याच्या शरीराच्या आत दुखण्याचे मूळ शोधत आहेत, आणि त्याला मात्र आठवते आहे ती रात्रीच्या रस्त्यावर आपल्या गाडीपुढे आलेली माणसे. आपल्याकडे झाले गेले गंगेला मिळाले म्हणतात आणि पाटी कोरी करतात. केंट्रिज यांचा कागद कोरा होतच नाही. पुसल्यावर उरणारी सावली ही इथे केवळ कोळशाची मर्यादा राहत नाही, ती चित्राचा आशय होते. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले उदाहरण आजच्या कलेत मला दुसरे चटकन आठवत नाही.

या पद्धतीने पोट कसे भरते, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो विचारणाऱ्याला मी कधी दटावत नाही. 1997 मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात दर पाच वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांचे काम लागले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. तेव्हा ते 42 वर्षांचे होते. विक्रीचे गणित साधे आहे. चित्रपटाच्या मोजक्याच अधिकृत प्रती संग्रहालये आणि संग्राहक विकत घेतात. चित्रपटासाठी काढलेले कागद स्वतंत्र चित्रे म्हणून विकले जातात. शिवाय एचिंग आणि लिनोकट ही छापचित्रे असतात, ज्यांच्या अनेक प्रती निघत असल्याने ती त्यामानाने कमी किमतीत मिळतात. याला नाटकांची आणि ऑपेरांची जोड आहे. 2005 मध्ये ब्रसेल्सला त्यांनी मोझार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ केला, तर 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘द नोज’. त्याच वर्षी त्यांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला आणि 2012 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना नॉर्टन व्याख्यानांसाठी बोलावले. जोहान्सबर्ग मात्र त्यांनी सोडले नाही. 2016 मध्ये तिथेच त्यांनी तरुण कलावंतांसाठी प्रयोगांची एक जागा सुरू केली, जिचे नाव मराठीत ‘कमी चांगल्या कल्पनेचे केंद्र’ असे होईल. मोठी कल्पना कामात फसते आणि कडेला सुचलेली किरकोळ कल्पना तारून नेते, हा त्यामागचा अनुभव. भारतातही त्यांचे काम येऊन गेले आहे. केरळमधल्या कोचीला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बिनाले या कलाप्रदर्शनात, 2018 मध्ये, पडद्यांच्या लांबलचक रांगेवर सरकणारी त्यांची सावल्यांची मिरवणूक अनेकांनी पाहिली.

2016 मध्येच रोममध्ये त्यांनी केलेले ‘ट्रायम्फ्स अँड लामेंट्स’ हे काम गोदाकाठच्या माणसाने तरी समजून घ्यायलाच हवे. टायबर नदीच्या उंच दगडी काठावर वर्षानुवर्षांच्या शेवाळाचा आणि काजळीचा काळा थर जमला होता. केंट्रिज यांनी भिंतीवर रंगाचा थेंबही लावला नाही. आकृत्यांचे मोठे साचे भिंतीला लावले आणि साच्याभोवतीचा मळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढला. मळ जिथे राहिला तिथे आकृती उभी राहिली. सुमारे 500 मीटर लांबीत, जवळपास दहा मीटर उंचीच्या 80 हून अधिक आकृत्या, रोमच्या विजयांच्या आणि शोकांच्या. म्हणजे इथेही चित्र खोडूनच तयार झाले. पुढे धुतलेल्या दगडावर पुन्हा शेवाळ धरणार, आकृती आणि पार्श्वभूमी एक होत जाणार, हे सुरुवातीपासूनच ठरलेले होते. त्याची डागडुजी करायची नाही, हा कामाचाच भाग आहे.

नदीने भिंतीवर केलेल्या नोंदी वाचण्याची सवय नाशिकला जुनी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गावभर एकच चौकशी होते : गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत लागले? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावर पुराचे माप ठरते. पूर ओसरला की घाटाच्या दगडांवर गाळाची रेघ राहते आणि कोणती रेघ कोणत्या पुराची, यावर जुने लोक वाद घालतात.

मागच्या मे महिन्यात याच मारुतीवर मी मुलांकडून एक प्रयोग करून घेतला. एक मोठा कार्ट्रिज कागद भिंतीला चिकटवला, मोबाइल स्टँडवर लावून समोरच्या टेबलावर ठेवला, आणि प्रत्येक मुलाने एकदा पाणी थोडे वर चढवायचे, एक फोटो काढायचा, असे ठरवले. कोळसा उडतो म्हणून पंखा बंद ठेवावा लागला आणि सगळे घामाघूम झाले. मधेच टेबलाला कोणाचा तरी धक्का लागला. त्यानंतरच्या सर्व फोटोंत रामकुंड दोन बोटे डावीकडे सरकलेले आहे. पाणी गळ्यापर्यंत चढवून पुन्हा पायरीवर उतरवेपर्यंत 90 फोटो झाले. सेकंदाला 12 या वेगाने ते चालवल्यावर साडेसात सेकंदांचा पूर तयार झाला, तो मुलांनी वीस वेळा पाहिला. कागद भिंतीवर तसाच होता. चित्रात पाणी आता मारुतीच्या पायांशी होते. एका मुलीला न्यायला आलेल्या तिच्या आजी तो कागद बराच वेळ निरखत उभ्या राहिल्या, आणि मारुतीच्या कमरेजवळच्या पुसट पट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, “सर, हे कोणत्या सालचं पाणी?” तो पट्टा आम्ही तासाभरापूर्वी खोडला होता.